कोनची चोवीसशे घरं: बांधून झाली, वाटून झाली, तरी रिकामी

डिसेंबर २०१६ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी एक सोडत काढली. घरं पनवेलजवळच्या कोन गावातली होती, सुमारे २,४००. किंमत सहा लाख. इमारती उभ्या होत्या, त्यामुळे पाया, प्लिंथ, स्लॅब असल्या कशाची वाट बघायची नव्हती. सोडतीत नाव आलं की पात्रता सिद्ध करायची, पैसे भरायचे आणि चावी घ्यायची, असाच सगळ्यांचा समज झाला. प्रत्यक्षात बहुतेकांच्या हातात चावी पडायला सात वर्षांच्या आसपास काळ गेला.

या प्रकरणात घोटाळा शोधायला गेलं तर फार काही हाती लागत नाही. इथे एकामागून एक निर्णय झाले, त्यातला प्रत्येक त्या त्या वेळी कागदावर बरोबर दिसत होता, आणि सगळ्यांची बेरीज रिकाम्या घरांत झाली. संस्थांची नावं जाहीर माहितीतली आहेत. विकासक आणि लाभार्थी यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत.

## पार्श्वभूमी

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि लालबाग, परळ, वरळी, दादर या पट्ट्यात सुमारे ६०० एकर जमीन कुलपाआड गेली. देशातल्या सर्वात महागड्या शहराच्या मध्यावरची ही रिकामी मालमत्ता. तिचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हापासून धोरणाच्या टेबलावर आहे.

पहिलं उत्तर १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत आलं. नियम ५८ प्रमाणे गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा तर तिचे साधारण तीन भाग पाडायचे होते: एक भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. लहान भूखंडावर मालकाचा वाटा थोडा जास्त, मोठ्यावर थोडा कमी. मालकांना हा सौदा परवडणारा वाटला नाही. पुढची काही वर्षं फारसं कोणी पुढे आलं नाही आणि जमीन तशीच पडून राहिली.

मग २००१ मध्ये नियम बदलला. वाटप आता फक्त ‘मोकळ्या’ जमिनीचं होणार होतं. ज्या जागेवर शेड, गोदामं, चिमण्या उभ्या होत्या ती वाटपातून बाहेर गेली. याचा अर्थ एका उदाहरणाने लक्षात येईल. समजा, एक गिरणी पंधरा एकरांची आहे आणि त्यातल्या बारा एकरांवर बांधकाम आहे. जुन्या नियमाने म्हाडाला जवळपास पाच एकर मिळाले असते, नव्या नियमाने मिळणार एक एकर. गिरणी म्हणजे काही बंगला आणि बाग नव्हे, तिथे शेडला शेड लागून असते. त्यामुळे ‘मोकळी’ जमीन जवळपास सगळीकडेच थोडी होती.

या दुरुस्तीला जनहित याचिकेने आव्हान दिलं गेलं. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्यांच्या जमिनी २,०२० कोटी रुपयांना विकल्या गेल्या होत्या. एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलची किंमत ७०२ कोटी होती. ज्या जमिनीला असा भाव येतो, तिथे कामगारांच्या घरांसाठी अजून जागा मागून मिळेल ही आशा तिथेच संपली.

२०१२ मध्ये मुंबईतल्या गिरण्यांच्या जागांवर बांधलेल्या ६,९२५ घरांची सोडत निघाली. अर्ज जवळपास दीड लाख होते. पुढे ते पावणेदोन लाखांच्या घरात गेले. दत्ता इस्वलकर आणि त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून ही घरं पदरात पाडून घेतली होती, त्यामुळे मिळालेल्या घरांचं मोल कमी नव्हतं. पण गणित उघड होतं. गिरण्यांच्या जमिनीवर सगळ्यांना घर मिळणं आता शक्य नव्हतं.

## दुसरीकडे तयार होत असलेली घरं

याच काळात मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एमएमआरडीए, वेगळ्याच प्रश्नामागे लागलं होतं. झोपडपट्टी उभी राहण्याआधीच गरिबाला भाड्याने छोटं घर मिळालं तर? या विचारातून २००८ मध्ये भाडेतत्त्वावरील घरांची योजना आली. विकासकाला भरघोस चटईक्षेत्र द्यायचं, म्हणजे एफएसआय चारपर्यंत, जमिनीच्या चौपट बांधकामाची मुभा. त्या बदल्यात त्याने जमिनीच्या एका भागावर १६० चौरस फुटांच्या घरांच्या इमारती बांधून प्राधिकरणाला फुकट द्यायच्या. भाडं महिन्याला आठशे ते पंधराशे रुपयांच्या आसपास. सरकारी तिजोरीतून बांधकामाला पैसा जाणार नव्हता.

कल्पना वाईट नव्हती. आपल्याकडे ‘परवडणारं घर’ म्हटलं की विकतचंच घर डोळ्यांसमोर येतं, भाड्याच्या घराचा विचार सरकारी पातळीवर क्वचितच होतो. या योजनेने तो केला, हे मान्य करावं लागेल. पण तिच्या आतली प्रेरणा भाडेकरूची नव्हती. सगळी प्रेरणा चटईक्षेत्राची होती. विक्रीचे मनोरे जिथे खपतील तिथे प्रकल्प आले आणि त्यांना लागून भाड्याच्या इमारती आल्या. भाडेकरूला जिथून कामावर जाता येईल अशी जागा कोणती, हा प्रश्न कुठल्याही अर्जात नव्हता.

१६० चौरस फूट म्हणजे दहा बाय सोळा. त्यात स्वयंपाकाचा ओटा आला, संडास-मोरी आली आणि उरलेल्या जागेत माणसं आली. चाळीतली दहा बाय बाराची खोली याहून लहान असते हे खरं. पण चाळीत दारासमोर गॅलरी असते आणि अर्धा संसार तिथे होतो. मनोऱ्यात दार उघडलं की समोर अंधारी मार्गिका. नगररचनाकारांनी तेव्हाच उभ्या झोपडपट्ट्या होतील असा इशारा दिला होता. शिवाय एवढी दाटी झाल्यावर पाणी आणि मलनिस्सारण कोण पुरवणार, हा ठाणे-कल्याणपासून पनवेलपर्यंतच्या स्थानिक संस्थांचा सवाल होताच. काही वर्षांतच सरकारने भाड्याची कल्पना गुंडाळली. तोवर मंजूर झालेल्या प्रकल्पांतली घरं मात्र तयार होत राहिली आणि प्राधिकरणाच्या ताब्यात येत राहिली.

## प्रश्न

आता चित्र असं होतं. एका सरकारी संस्थेकडे, एमएमआरडीएकडे, रिकामी घरं होती आणि भाडेकरू नव्हते. भाडं वसूल करायचं, पंप बिघडला तर माणूस पाठवायचा, घर सोडणाऱ्याकडून ताबा घ्यायचा, असली रोजची कामं करणारी यंत्रणाही तिच्याकडे नव्हती. रस्ते, पूल, मेट्रो बांधणाऱ्या संस्थेला अचानक घरमालक व्हायचं होतं. दुसऱ्या सरकारी संस्थेकडे, म्हाडाकडे, घर मागणाऱ्यांची दीड लाखांची यादी होती आणि घरं नव्हती.

दोन्ही एकत्र करा, असं कोणालाही सुचेल. सरकारलाही तेच सुचलं.

पण यादीतल्या माणसाला काय हवं होतं, हे एकदा जवळून बघायला हवं. १९८२ मध्ये पंचविशीत असलेला कामगार २०१६ मध्ये साठीला टेकलेला होता, आणि संपाच्या वेळी चाळिशीत असलेले अनेकजण हयातच नव्हते. अर्ज आता मुलाच्या, सुनेच्या किंवा विधवेच्या हातात होता. काही कुटुंबं लालबाग-परळच्या चाळीतच दाटीने राहत होती. काही कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात परत गेली होती. काही डोंबिवली-नालासोपाऱ्याला भाड्याने राहत होती. एकाच यादीत तीन वेगळ्या गरजा होत्या. परळमध्ये राहणाऱ्याला परळजवळ घर हवं होतं. गावी गेलेल्याला पुढच्या पिढीला मुंबईत पाय ठेवायला जागा हवी होती. नालासोपाऱ्याच्या भाडेकरूला फक्त भाडं थांबायला हवं होतं. अर्जात मात्र गिरणीचं नाव, तिकीट नंबर आणि वारसाचा तपशील एवढंच विचारलेलं होतं.

## समोर असलेले पर्याय

भाड्यानेच देणं. मूळ योजना टिकवायची आणि पनवेल-तळोजा-रसायनी पट्ट्यात काम करणाऱ्यांना घरं भाड्याने द्यायची. कोनसाठी हा पर्याय खरं तर सर्वात जवळचा होता, कारण कामाची जागा तिथे हाकेच्या अंतरावर आहे. अडचण व्यवस्थापनाची. पण ती न सुटणारी नाही. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये परवडणाऱ्या भाडेघरांची योजना आणली तेव्हा चंडीगडने मलोयातली २,१९५ रिकामी सरकारी घरं भाड्याने देऊन दाखवली, सुरतने ३९३. त्याच योजनेत देशभर रिकाम्या म्हणून मोजलेली सरकारी घरं ८३ हजारांहून जास्त होती आणि पुढच्या काही वर्षांत भाड्याने गेली ती ५,६४८. म्हणजे वाट होती, पण चालणारे मोजके.

संक्रमण शिबिर करणं. धोकादायक इमारतींतून हलवलेल्यांना तात्पुरती जागा लागतेच. ठाण्यात वर्तकनगरला भाडेतत्त्वावरच्या इमारतींचा असा वापर झाला. शहराच्या आत हे चालतं. मुंबईतल्या मोडक्या इमारतीच्या रहिवाशाला कोनला हलवणं म्हणजे त्याची नोकरी आणि मुलांची शाळा दोन्ही मोडणं.

खाजगी रिकाम्या घरांकडे वळणं. याचा विचार या प्रकरणात झालाच नाही. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनुसार महाराष्ट्रात सुमारे २० लाख घरं रिकामी होती आणि एकट्या मुंबईत ४.८ लाख. व्हॅंकूव्हरने २०१७ पासून रिकाम्या घरावर वेगळा कर लावला. आपल्याकडे उलटी गंमत आहे. गृहनिर्माण संस्थेतल्या सदस्याने घर भाड्याने दिलं तर संस्था त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेते, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत. घर कुलूप लावून ठेवलं तर काहीच घेत नाही. घर वापरात आणणाऱ्याला दंड आणि कुलूप लावणाऱ्याला सूट, असा तो हिशेब आहे.

गिरणी कामगारांना मालकीने विकणं. यादी कमी होते, घरं संपतात, व्यवस्थापन रहिवाशांच्या संस्थेकडे जातं आणि राजकीय मागणीही पुरी होते. सरकारने हाच पर्याय घेतला. १६० चौरस फुटांचं एक घर मालकीने देणं अंगाशी आलं असतं, म्हणून शेजारची दोन घरं जोडून ३२० चौरस फुटांचं एक करायचं ठरलं. मुंबईतल्या गिरणीच्या जागेवरचं घर २२५ चौरस फुटांचं होतं, त्यामुळे क्षेत्रफळाच्या रकान्यात कोन पुढे दिसू लागलं. किंमतही कमी होती. मुंबईत साडेनऊ लाख, इथे सहा.

माझ्या मते पर्यायांच्या तुलनेत पहिली मोठी चूक इथे झाली. तुलना किंमत आणि क्षेत्रफळ या दोनच रकान्यांत झाली. अंतराचा रकाना नव्हता. पनवेलहून सीएसएमटीला हार्बरने सव्वा तासाच्या वर लागतो, आणि कोनहून पनवेल स्टेशन गाठायला रिक्षा किंवा बस वेगळी. परळला कामाला जाणाऱ्यासाठी हे घर रोजचे चार तास मागतं.

## काय केलं गेलं

सोडतीनंतरचा पहिला टप्पा पात्रता निश्चितीचा. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामगार गिरणीच्या पटावर होता हे दाखवायचं. बंद पडलेल्या गिरणीचं हजेरीपुस्तक कुठे शोधायचं? मग गिरणीचं ओळखपत्र, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, भविष्यनिर्वाह निधीचा कागद, पगारपावती असलं काहीतरी ट्रंकेतून निघतं का, ते बघायचं. कामगार वारला असेल तर वारसाचं प्रमाणपत्र. भावंडं तीन असली तर दोघांची संमती. बहिणीचं लग्न होऊन ती गावी असली तर तिची सही. यात माणसं महिनेच्या महिने फिरतात. छाननी हवीच, नाहीतर दलालांचं फावतं. पण ती सोडतीनंतर केली की ज्या काळात घर राहायला तयार असतं नेमका तोच काळ कागदांत जातो.

पुढचा टप्पा पैशांचा. सहा लाख ऐकायला कमी वाटतात. नऊ टक्के व्याजाने पंधरा वर्षांचं कर्ज काढलं तर महिन्याला सहा हजारांच्या थोडा वर हप्ता बसतो. साठी ओलांडलेल्याला बँक पंधरा वर्षांचं कर्ज देत नाही, म्हणून मुलगा सहकर्जदार. ज्यांनी पैसे भरले त्यांचा हप्ता सुरू झाला, आणि ताबा नसल्याने राहत्या जागेचं भाडंही चालूच राहिलं. गरीब घराला हा दुहेरी मार वर्षभर सोसतो. त्यापुढे कोणीतरी सोन्याला हात घालतं.

२०२० मध्ये कोविड आला. स्थानिक प्रशासनाला विलगीकरणासाठी तातडीने खोल्या हव्या होत्या आणि कोनमध्ये शेकडो खोल्या एकगठ्ठा रिकाम्या होत्या. त्या ताब्यात घेतल्या गेल्या. या निर्णयाला मी दोष देणार नाही. त्या वेळी कोणीही तेच केलं असतं, आणि त्या इमारतींनी पनवेल परिसरातल्या रुग्णांची सोय केली. दोष आहे तो पुढच्या भागात. साथ ओसरली आणि घरं परत आली तेव्हा ती राहण्याजोगी नव्हती. दारं-खिडक्या मोडलेल्या, नळ आणि फिटिंग गायब, भिंतींना ओल. दुरुस्ती कोणी करायची आणि खर्च कोणी सोसायचा यावर दोन्ही संस्थांमध्ये पत्रव्यवहार सुरू झाला. म्हाडाचं म्हणणं, घरं एमएमआरडीएची, त्यांनी दुरुस्त करून द्यावीत. एमएमआरडीएच्या दृष्टीने घरं तर वाटून झालेली. वापर केला होता तिसऱ्याच यंत्रणेने.

या सगळ्यात सोडत लागलेला माणूस कुठल्याच पत्रव्यवहारात पक्षकार नव्हता. त्याच्याकडे देकारपत्र, म्हणजे घर देऊ केल्याचं पत्र होतं. पण देकारपत्राने घराच्या अवस्थेबद्दल काही बोलायचा हक्क मिळत नाही.

## निष्पत्ती

शेवटी एमएमआरडीएने दुरुस्ती केली आणि म्हाडाने टप्प्याटप्प्याने ताबा द्यायला सुरुवात केली. पाठोपाठ पहिल्या पावसातच गळतीच्या तक्रारी आल्या. देखभाल शुल्कावरूनही वाद झाला. घर बंद होतं त्या वर्षांचं शुल्क आम्ही का भरावं, हा रहिवाशांचा सवाल रास्तच होता. मनोऱ्यातली लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक यांचा महिन्याचा खर्च चाळीतल्या माणसाच्या अंदाजाच्या कितीतरी पुढचा असतो. सहा लाखांच्या किमतीबरोबर हा आकडा कोणी सांगितला नव्हता.

घरं मिळाली, हे नोंदवायलाच हवं. काही कुटुंबांसाठी हे पिढ्यांमधलं पहिलं मालकीचं घर आहे. पनवेल-नवी मुंबईत नोकरी असलेल्या मुलांना ते सोयीचंही आहे. पण धोरण म्हणून पाहिलं तर २००८ ची भाडेघरांची कल्पना भाडेकरूविना संपली आणि कामगारांना परळऐवजी कोन मिळालं. मधल्या काळात तयार घरं रिकामी राहून खराब झाली. ती सांभाळायचा खर्च कोणाच्याही अर्थसंकल्पात नव्हता. मला या प्रकरणात सर्वात जास्त खटकतं ते हेच. घर बांधून होतं तेव्हा विकासकाची जबाबदारी संपते आणि चावी दिली की रहिवाशाची सुरू होते. या दोन तारखांच्या मधल्या काळाला आपल्या व्यवस्थेत मालकच नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

२००१ चा निर्णय. मूळ दुखणं इथलं आहे. १९९१ चा नियम मालकांना आवडला नव्हता हे खरं, पण त्यावर मधले मार्ग होते. जमिनीचा वाटा तोच ठेवून मालकाला हस्तांतरणीय विकासहक्क (दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारे बांधकामाचे हक्क) वाढवून देता आले असते, किंवा मुदतीत पुनर्विकास न करणाऱ्यावर पडीक जमिनीचा आकार बसवता आला असता. ‘मोकळी’ या एका शब्दाने सगळी जमीन मालकाच्या बाजूला झुकवायची गरज नव्हती. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जागांचा एकत्रित आराखडा मांडलाही होता. सुटी सुटी वाटणी न करता जमिनी जोडून सलग उद्यानं, रस्ते आणि घरं असा तो विचार होता. तो बासनात गेला.

भाड्यावरून मालकीकडे वळताना. धोरण बदललं तेव्हा घरं पडून होती आणि मागणीचा दबाव होता, म्हणून घाईत सांगड घातली गेली. त्याआधी यादीतल्यांना एकच प्रश्न विचारायला हवा होता: मुंबईबाहेरचं घर चालेल का, चालेल तर कुठल्या बाजूला? अर्जात एक रकाना वाढवला असता तर पनवेल, कल्याण, वसई अशा तीन याद्या निघाल्या असत्या. ज्यांनी ‘फक्त मुंबई’ लिहिलं त्यांना कोनच्या सोडतीत ओढायचं कारण नव्हतं. उरलेली घरं तळोजा-रसायनीच्या कामगारांना भाड्याने देता आली असती.

छाननी आधी, सोडत नंतर. म्हाडाने सप्टेंबर २०२३ पासून उरलेल्या दीड लाख अर्जदारांची पात्रता आधीच ठरवण्याची मोहीम घेतली. हे योग्य पाऊल आहे, फक्त ते २०१२ मध्ये उचलायला हवं होतं. यादी आधी स्वच्छ असती तर कोनच्या घरांना २०१७ मध्ये माणसं मिळाली असती, आणि २०२० मध्ये ताब्यात घ्यायला तिथे रिकाम्या खोल्या नसत्या.

तातडीचा वापर, पण लेखी अटींवर. सरकारी रिकामी घरं पुढेही कधीतरी पुरात, दरडीत, साथीत लागणारच. ती घेताना प्रत्येक सदनिकेचा फोटोसह पंचनामा, परतीची तारीख आणि दुरुस्तीचा खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली जाईल हे एका पानावर लिहून घेता येतं. आणीबाणीतही एक पान लिहायला वेळ असतो.

मधल्या काळाचा खर्च. पूर्ण रक्कम भरून ठरावीक मुदतीत ताबा मिळाला नाही तर खाजगी विकासकाकडून ग्राहकाला व्याज मागता येतं, रेरा कायद्यात ती सोय आहे. सरकारी सोडतीतल्या घरालाही देकारपत्रातच तशी अट घातली तर दुरुस्ती कोणी करायची यावरचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालणार नाही. कारण मग उशिराची किंमत कोणातरी अधिकाऱ्याच्या टेबलावर दर महिन्याला दिसेल.

सध्या हा विषय पुन्हा त्याच वळणावर आहे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने कर्जतजवळचं शेलू आणि बदलापूरपुढचं वांगणी इथे कामगारांसाठी सुमारे ८१ हजार घरांचा प्रस्ताव आला, कामगाराकडून साडेनऊ लाख घेऊन. त्या निर्णयातल्या कलम १७ नुसार, देऊ केलेलं घर नाकारणाऱ्याचा हक्कच जाणार होता. जुलै २०२५ मध्ये कामगार आणि वारस आझाद मैदानावर जमले आणि हे कलम काढून टाकण्याचं आश्वासन सरकारला द्यावं लागलं. नाकारायचा हक्क राहिला तर मागणी खरी किती ते कळेल. पण तो हक्क वापरणाऱ्याचं नाव मुंबईच्या कुठल्या यादीत जाणार आणि त्या यादीसाठी जमीन कुठली, हे ठरायचं आहे. शेलू-वांगणीची घरं खाजगी विकासकच बांधणार आहेत. ती बांधून होतील तेव्हा ताबा देईपर्यंत पंप कोण चालू ठेवणार, हे करारात लिहून घ्यायला अजून वेळ आहे.